ड्रमरचा माग काढत: ब्लूज, फंक आणि आफ्रोबीट

लयशोधक

ब्लूज, फंक, आफ्रोबीट ऐकायचं ठरवलं की बहुतेक जण गायकाचं नाव धरून शोध सुरू करतात. ब्लूजसाठी बी. बी. किंग, फंकसाठी जेम्स ब्राउन, आफ्रोबीटसाठी नायजेरियाचा फेला कुटी. नावं मोठी आहेत, प्रश्नच नाही. पण या संगीतात शिरायचा सगळ्यात सरळ रस्ता मागे बसलेल्या ड्रमरकडून जातो, असं माझं ठाम मत आहे. आपला कान तालावर वाढलेला असतो. ठेका जरा हलला तरी आपल्याला कळतं, मग इंग्रजी किंवा पिजिन (नायजेरियातली मिश्र इंग्रजी) शब्द कळोत न कळोत. म्हणून हा धागा तीन ड्रमरांपासून सुरू करतो.

पहिला क्लाइड स्टबलफील्ड. टेनेसी राज्यातल्या चॅटनूगा गावचा. गावात कारखाने, रेल्वेचे रूळ. त्या यंत्रांच्या आणि गाड्यांच्या आवाजातून आपण लय उचलली असं तो सांगायचा. १९६५ च्या सुमाराला तो जेम्स ब्राउनच्या ताफ्यात आला. १९६७ चं 'कोल्ड स्वेट' ऐका. सूर जवळजवळ एकाच जागी थांबलेले आहेत. ब्रासचा (फुंकवाद्यांचा) तो दोन सुरांचा तुकडा ब्राउनचा सॅक्सोफोनवादक पी वी एलिस याने जॅझवाल्या माइल्स डेव्हिसच्या 'सो व्हॉट'वरून सुचल्याचं सांगितलं आहे. सुरावट पुढे सरकत नाही, मग गाणं कशावर उभं आहे? क्लाइडच्या हातांवर. स्नेअरवरचे (पुढच्या खणखणीत छोट्या ड्रमवरचे) ठळक आघात तर कुणीही मोजेल. त्यांच्या मधल्या जागेत तो काठीची टोकं अगदी हलकेच टेकवत राहतो, तेवढ्याकडे लक्ष द्या. ते आघात ऐकू येतात की नाही अशा बेताचे आहेत, पण ते काढून घेतले तर गाणं कोरडं पडेल.

मग 'फंकी ड्रमर'. नोव्हेंबर १९६९ मध्ये सिनसिनाटीत ध्वनिमुद्रण झालं, १९७० मध्ये दोन भागांची छोटी तबकडी निघाली. गाणं बरंच पुढे गेल्यावर ब्राउन सगळ्यांना थांबवतो आणि क्लाइडला बजावतो की सोलो नको, जे चाललंय तेच चालू ठेव. आणि क्लाइड खरोखर तेच चालू ठेवतो. वीसेक सेकंदांचा एकटा ठेका. पुढे हिप हॉपवाल्यांनी हा तुकडा उचलून शेकडो गाण्यांखाली बसवला. पब्लिक एनिमीच्या 'फाइट द पॉवर'मध्येही तो आहे. गाण्याच्या श्रेयात क्लाइडचं नाव नव्हतं, त्यामुळे मानधनाचा हक्क त्याच्याकडे आलाच नाही. जगात सर्वांत जास्त वेळा वापरल्या गेलेल्या ठेक्यांपैकी एक ज्याच्या हातून निघाला, तो माणूस उतारवयात विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसन शहरात दर आठवड्याला छोट्या क्लबात वाजवत होता. कर्करोग झाला तेव्हा त्याच्या उपचारांचं मोठं बिल गायक प्रिन्सने गुपचूप भरलं होतं, हे प्रिन्स २०१६ मध्ये गेल्यावर बाहेर आलं. क्लाइड २०१७ मध्ये गेला. 'फंकी ड्रमर' कुठे ऐकायचं म्हणाल, तर १९८६ चं 'इन द जंगल ग्रूव्ह' हे संकलन घ्या.

दुसरा जोसेफ 'झिगाबू' मोडेलिस्ट, न्यू ऑर्लिन्सच्या 'द मीटर्स'चा. चारच जण: ऑर्गनवर आर्ट नेव्हिल, गिटारवर लिओ नोसेंटेली, बेसवर जॉर्ज पोर्टर आणि हा. १९६९ चं 'सिसी स्ट्रट' तीन मिनिटांचं आहे आणि त्यात एकही शब्द नाही. न्यू ऑर्लिन्समध्ये अंत्ययात्रेला आणि सणावाराला बँड रस्त्यावर निघतो, त्याच्या मागून नाचत चालणाऱ्या लोकांची रांग असते. झिगाबूचा ठेका त्या रांगेतून आलेला आहे. आघात अपेक्षित जागेच्या किंचित अलीकडे किंवा पलीकडे पडतो, त्यामुळे पाय आपोआप उचलला जातो. १९७४ चा 'रिजुव्हिनेशन' हा त्यांचा आल्बम पूर्ण ऐका. आणि तिथलाच गायक डॉ. जॉन याचा 'इन द राइट प्लेस' (१९७३) ऐकाल तर त्यातही मागे हीच मंडळी आहेत. त्या काळात न्यू ऑर्लिन्समध्ये निर्माता ॲलन टुसाँच्या हाताखाली जे काही निघत होतं, त्यातल्या बऱ्याच गाण्यांत मीटर्स आहेत.

तिसरा टोनी ॲलन. खरं तर हा धागा त्याच्यासाठीच काढला. १९४० साली नायजेरियातल्या लागोस शहरात जन्म. रेडिओ केंद्रात तंत्रज्ञाची नोकरी करत करत, अठराव्या वर्षी, कुणा गुरूशिवाय ड्रम शिकायला लागला. आर्ट ब्लेकी आणि मॅक्स रोच या जॅझ ड्रमरांच्या तबकड्या ऐकून शिकला. लागोसचे बहुतेक ड्रमर तेव्हा हाय-हॅट (पायाने उघडझाप होणारी झांजांची जोडी) नुसती ठेवून द्यायचे. टोनीने तिचा पायाने आणि काठीने पूर्ण वापर सुरू केला. १९६४ मध्ये तो फेला कुटीला भेटला. पुढची पंधराएक वर्षं दोघं बरोबर होते. टोनीशिवाय आफ्रोबीट झालंच नसतं, असं खुद्द फेला म्हणायचा.

ऐकायला सुरुवात करायची तर 'एक्स्पेन्सिव्ह शिट' (१९७५) या तबकडीची दुसरी बाजू: 'वॉटर नो गेट एनिमी'. अकरा मिनिटं. शब्दांचा अर्थ साधा आहे. अंघोळीला पाणी लागतं, रस्सा करायला पाणी लागतं, तान्हं मूल वाढवायला पाणी लागतं. पाण्याशी वैर कोण धरणार. पण पहिल्या वेळी शब्दांकडे जाऊच नका. पहिल्यांदा फक्त उजव्या पायाचा मोठा ड्रम ऐका. दुसऱ्यांदा फक्त हाय-हॅट. तिसऱ्यांदा गिटार, जी एकच छोटा तुकडा शेवटपर्यंत वाजवते. प्रत्येक वेळी वेगळंच गाणं ऐकल्यासारखं वाटेल.

तुमच्या आवडीची नावं, आल्बम, आठवणी लिहा. ब्लूजवर मी मुद्दाम थांबलो आहे, इथे माझ्यापेक्षा जास्त ऐकलेले लोक आहेत.

तालमीतला

वाह! सविस्तर लिहिलंत, आनंद झाला. मी ढोलकी-तबल्यावर वाढलेला, म्हणून तालाच्या अंगाने थोडी भर.

जेम्स ब्राउन आपल्या वादकांना पहिल्या मात्रेवर सगळ्यांनी एकत्र यायला सांगायचा. तो त्याला 'द वन' म्हणायचा. आपल्याकडे ऐकणारे लगेच म्हणतात, ही तर सम! मला हे साम्य अर्धंच पटतं. तीनतालात सम सोळा मात्रांनी येते, विलंबित एकतालात तर तिची वाट पाहण्यातच मजा असते. गवई ताण वाढवत नेतो आणि समेवर सोडतो. ब्राउनची पहिली मात्रा चार मात्रांनी परत समोर उभी. वाट पाहायला वेळच नाही, प्रत्येक वेळी नव्याने आपटायचं. त्यामुळे तिथे ताण लांबीतून येत नाही, मधल्या तीन मात्रांत काय गाळलं आणि काय भरलं त्यातून येतो.

टोनी ॲलनकडे गंमत आणखी वेगळी. तो पहिली मात्रा पुष्कळदा मोकळीच सोडतो. ती धरायचं काम बाकीच्यांवर: शेकेरे (मणी गुंफलेला भोपळा), दोन लाकडी काठ्या, कोंगा. या मंडळींचं काम लेहरा धरणाऱ्यासारखं आहे, जराही हलायचं नाही. म्हणून टोनीला चारी हातापायांनी बोलायची मोकळीक मिळते. त्याचे हात आणि पाय एकमेकांवर अवलंबून नाहीत. एका पायाचा वाक्प्रयोग संपत असतो तेव्हा डाव्या हाताचा अर्ध्यात असतो. मी तबल्यावर दोनच हातांनी ते बसवायला बघतो तर डग्गा आणि चाट एकमेकांच्या वाटेत येतात.

आणि आवाज! इतकं सगळं वाजवून तो जोरात वाजवतच नाही. दहा-पंधरा मिनिटांचं गाणं, दमछाक कुठेच ऐकू येत नाही.

कोरी पाटी

धागा आवडला. माझा प्रश्न अगदी प्राथमिक आहे. मी हिंदी-मराठी गाणी आणि थोडं नाट्यसंगीत ऐकते. पाच मिनिटांच्या पुढे गाणं गेलं की माझं लक्ष उडतं. 'झोंबी' लावून पाहिलं, बराच वेळ कुणी गातच नाही. हे असंच असतं का? आणि ब्लूज म्हणजे नेमकं काय, ते कुणी सोप्या शब्दांत सांगेल का?

लयशोधक

@कोरी पाटी, हो, असंच असतं. 'झोंबी'त (१९७६) फेलाचा आवाज यायला पाच-एक मिनिटं लागतात. त्याची बहुतेक गाणी तबकडीची अख्खी बाजू व्यापतात. आधी ताल बसतो, मग गिटार, मग ब्रासची मुख्य सुरावट, मग सॅक्सोफोन, आणि सगळं तापल्यावर माणूस बोलायला लागतो. तुम्ही नाट्यसंगीत ऐकता, मैफलीतली लांबवलेली पदंही ऐकली असतीलच. तेवढा धीर इथे पुरतो.

'झोंबी'मध्ये तो सैनिकांबद्दल बोलतो. हुकूम मिळाल्याशिवाय चालत नाहीत, थांबत नाहीत, विचार करत नाहीत. मधेच तो कवायतीचे हुकूम सोडत सुटतो, डावीकडे वळ, उजवीकडे वळ, सलाम कर, आणि कोरस प्रत्येक हुकमाला एकच शब्द परतवतो. नायजेरियात तेव्हा लष्करी राजवट होती. १८ फेब्रुवारी १९७७ ला सुमारे एक हजार सैनिकांनी लागोसमधल्या त्याच्या घराला वेढा घातला. त्या घराला त्याने 'कलाकुटा प्रजासत्ताक' असं नाव दिलं होतं. माणसांना मारहाण झाली, घर पेटवून दिलं, त्याच्या आईला वरच्या खिडकीतून खाली फेकलं. ती पुढच्या वर्षी गेली. सरकारी चौकशीत ठपका आला कुणा 'अज्ञात सैनिका'वर. फेला आणि त्याच्या माणसांनी आईची शवपेटी लष्करी राजवटीच्या मुख्यालयाच्या दारात नेऊन ठेवली, आणि त्यावर त्याने 'कॉफिन फॉर हेड ऑफ स्टेट' केलं. हे ठाऊक असताना 'झोंबी' पुन्हा ऐका, ती पाच मिनिटं लांब वाटणार नाहीत.

कृष्णाकाठ

ब्लूजचं मी सांगतो.

ढोबळ साचा असा: चार-चार मात्रांचे बारा खंड, म्हणजे एकूण अठ्ठेचाळीस मात्रा. पहिली ओळ म्हणायची, तीच ओळ पुन्हा म्हणायची, आणि तिसऱ्या ओळीत तिला उत्तर किंवा कलाटणी द्यायची. दुसऱ्या ओळीला शब्द तेच असतात पण खालचा सुरांचा मेळ बदललेला असतो, म्हणून तेच दुःख जरा निराळ्या जागेवरून दिसतं. प्रत्येक ओळ खंडात पूर्ण भरत नाही. उरलेल्या जागेत गिटार किंवा माउथ ऑर्गन बोलतो. मेंफिस-शिकागोच्या पुष्कळ ब्लूजची चाल म्हणजे चार मात्रा आणि प्रत्येक मात्रेच्या पोटात तीन; त्या तिनांतली पहिली आणि तिसरी वाजवायची. तालमीतला यांना हे हातावर लगेच येईल.

हे जन्मलं अमेरिकेच्या दक्षिणेत, मिसिसिपीच्या कापसाच्या शेतांवर राबणाऱ्या कृष्णवर्णीयांमध्ये. रॉबर्ट जॉन्सन १९३८ साली वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी गेला, मागे उरली फक्त २९ गाणी, सॅन अँटोनिओ आणि डॅलसमध्ये मुद्रित झालेली. १९६१ मध्ये कोलंबिया कंपनीने त्यातली काही एका तबकडीवर काढली आणि इंग्लंडमधली गिटार शिकणारी पोरं ती ऐकून वेडी झाली. मडी वॉटर्स स्टोव्हॉलच्या मळ्यात ट्रॅक्टर चालवत होता. १९४१ मध्ये लोकगीतं गोळा करणारा ॲलन लोमॅक्स तिथे यंत्र घेऊन आला, त्याने त्याचं गाणं मुद्रित केलं आणि मडीने पहिल्यांदा स्वतःचा आवाज तबकडीवर ऐकला. दोन वर्षांत तो शिकागोला निघून गेला. शहरातल्या गोंगाटात साधी गिटार ऐकू जाईना, मग विजेची आली. शिकागो ब्लूज म्हणतात ते हे.

एकच आल्बम घ्यायचा असेल तर बी. बी. किंगचा 'लाइव्ह ॲट द रीगल'. नोव्हेंबर १९६४, शिकागोचं थिएटर. तो गाताना गिटार वाजवत नाही आणि गिटार वाजवताना गात नाही. ओळ गाऊन थांबतो, मग गिटार तीच गोष्ट पुढे नेते. प्रेक्षकांतल्या बायका ओळी-ओळीला ओरडून दाद देतात. त्या दादेशिवाय हा आल्बम अर्धा झाला असता. एकेक सूर तो ज्या पद्धतीने थरथरवतो, त्यातली जागा आपल्या कानाला लगेच ओळखीची वाटते.

जुना दादरकर

+१, 'लाइव्ह ॲट द रीगल'ला पर्याय नाही.

आमच्या वेळी हे मिळवणं म्हणजे काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाऊसमध्ये जाऊन बूथमध्ये उभं राहून ऐकायचं, आणि पैसे जमले की कॅसेट घ्यायची. ते दुकान २०१६ मध्ये बंद झालं. फोर्टच्या फुटपाथवर आणि चोर बाजारात जुन्या तबकड्या मिळायच्या, पण फंक क्वचित. आफ्रोबीट तर औषधालाही नाही. फेलाचं नाव मी पहिल्यांदा वाचलं ते जिंजर बेकरमुळे. 'क्रीम' या इंग्रजी रॉक बँडचा हा ड्रमर १९७० च्या सुमाराला लागोसला गेला आणि १९७१ मध्ये फेलाबरोबर 'लाइव्ह!' निघाला.

ब्लूज मात्र मुंबईने नंतर समोर बसून ऐकलं. २०११ मध्ये वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत महिंद्रा ब्लूज महोत्सव सुरू झाला, पहिल्याच वर्षी बडी गाय. पंचाहत्तरीला टेकलेला माणूस, ठिपक्यांचा गिटार, आणि वाजवता वाजवता मंचावरून उतरून थेट लोकांमध्ये. आवाज इतका खाली आणायचा की शेजारच्याचा श्वास ऐकू यावा, आणि मग एकदम सोडायचा. शिलाँगच्या 'सोलमेट'ला तिथे ऐकलं तेव्हा टिप्रिती खारबांगरचा आवाज ऐकून अंगावर काटा आला होता. ब्लूज गायला मिसिसिपीतच जन्मावं लागतं असं ज्यांना वाटतं त्यांनी ती ऐकावी.

अवांतर: मुंबईत वाढलेल्या आशा पुथली यांना इथे कुणी ऐकलंय का? जॅझ सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमनच्या 'सायन्स फिक्शन' या आल्बमवर त्यांची दोन गाणी आहेत. नंतर त्यांनी 'द डेव्हिल इज लूज' (१९७६) केला, त्यातलं 'स्पेस टॉक' न्यूयॉर्कच्या नाचाच्या जागांत गाजलं आणि पुढे हिप हॉपवाल्यांनी त्याचे तुकडे वापरले. आपल्या गावची मुलगी फंकच्या नकाशावर आहे आणि आपल्याकडे तिचं नाव कुणी घेत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

अनवट

दादरकर काका, आशा पुथलींचं नाव काढल्याबद्दल खूप आभार. 'स्पेस टॉक'मधला त्यांचा तो कुजबुजल्यासारखा आवाज आणि खालचा बेस, दोन्ही अप्रतिम.

पण मला एका गोष्टीवर थांबायचं आहे. धागा वाचताना आतापर्यंत सगळे पुरुष. आणि फेलाबद्दल लिहिताना त्याची दुसरी बाजू आलीच पाहिजे. 'लेडी' (१९७२) या गाण्यात तो शिकलेल्या, बरोबरीचा हक्क मागणाऱ्या बाईची टर उडवतो. १९७८ मध्ये त्याने एका दिवशी सत्तावीस बायकांशी लग्न केलं. एड्सच्या बाबतीत त्याने शेवटपर्यंत कानांवर हात ठेवले. १९९७ मध्ये तो गेल्यावर त्याच्या डॉक्टर भावाने, जे देशाचे माजी आरोग्यमंत्री होते, कारण जाहीर केलं. सत्तेपुढे न वाकणारा माणूस घरात सत्ता गाजवत होता. संगीत मोठं आहे म्हणून हे झाकायचं कारण नाही.

आणि त्याची आई नुसती खिडकीतून फेकलेली म्हातारी म्हणून गोष्टीत येते, हे तर मला अजिबात चालत नाही. फुनमिलायो रॅन्सम-कुटी यांनी अबेओकुटात बाजारात बसणाऱ्या हजारो बायकांना एकत्र आणलं, बायकांवर लादलेल्या कराविरुद्ध मोर्चे काढले, आणि १९४९ मध्ये तिथल्या राजाला गादी सोडून जावं लागलं. फेलाची भीड नसलेली जीभ कुठून आली ते इथे दिसतं.

आता ऐकायची नावं. लिजाडू सिस्टर्स: टायवो आणि केहिंडे, नायजेरियाच्या जुळ्या बहिणी. 'डेंजर' (१९७६) लावा. दोघींचे आवाज इतके जवळ चालतात की कुठला कुणाचा ते सांगता येत नाही, आणि गाणी स्वतः लिहिलेली. फंक गायिका बेटी डेव्हिस: १९७३ चा पहिला आल्बम. ती गुरगुरते, किंचाळते, हसते, ज्यांना गोड गळ्याची बाई हवी होती त्यांनी तिला रेडिओवर वाजू दिलं नाही. ब्लूजमध्ये बिग मामा थॉर्नटन. 'हाउंड डॉग' एल्व्हिसच्या आधी तिचं होतं. आणि बेनिनची आंजेलिक किजो. टॉकिंग हेड्स या अमेरिकन बँडने १९८० मध्ये फेला ऐकून 'रिमेन इन लाइट' केला. आंजेलिकने २०१८ मध्ये तो अख्खा आल्बम पुन्हा गाऊन आफ्रिकेत परत नेला. ड्रमवर कोण आहे माहितीये? टोनी ॲलन.

लयशोधक

अनवट, हे सगळं लिहिलंत ते फार बरं केलंत. 'लेडी'चा ताल कितीही चांगला असला तरी मी ते कुणाला पहिलं गाणं म्हणून सुचवत नाही, ते याच कारणासाठी. आणि फुनमिलायोंवर तुम्हीच एक स्वतंत्र धागा काढावा अशी मनापासून विनंती.

बेटी डेव्हिसबद्दल एक जोड: त्या पहिल्या आल्बमचा निर्माता आणि ड्रमर ग्रेग एरिको, म्हणजे 'स्लाय अँड द फॅमिली स्टोन' या फंक बँडचा. ड्रमरचा माग काढला की माणसं अशी एकमेकांना जोडलेली सापडतात.

निशिगंध

मी नोकरीनिमित्त लागोसमध्ये राहते, इकेजा भागात. म्हणून लिहिल्यावाचून राहवत नाही.

फेलाचं शेवटचं घर आता संग्रहालय आहे, आवारातच त्याची समाधी आहे. आत त्याची खोली ठेवली आहे, कपडे, बुटांच्या रांगा, आणि भिंतींवर लेमी घारिओक्वूची मुखपृष्ठं. फेलाच्या सव्वीस तबकड्यांची मुखपृष्ठं या एका चित्रकाराने केली. 'झोंबी'चं मुखपृष्ठ मोबाइलच्या पडद्यावर बघणं वेगळं आणि पूर्ण आकारात समोर बघणं वेगळं. कोपऱ्या-कोपऱ्यात लिहिलेलं असतं, मागे छोटी छोटी माणसं काहीतरी करत असतात.

न्यू आफ्रिका श्राइन घरापासून लांब नाही. फेलाची मुलगी येनी आणि मुलगा फेमी यांनी ते उभं केलं. पत्र्याचं छप्पर, मोठे पंखे, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, बाहेर कोळशावर भाजलेल्या मांसाचा म्हणजे सुयाचा धूर. फेमी सॅक्सोफोनवर एक सूर धरतो आणि श्वास न तोडता इतका वेळ धरून ठेवतो की लोक मोजायला लागतात. दर ऑक्टोबरमध्ये फेलाच्या वाढदिवसाच्या आसपास 'फेलाब्रेशन' असतं, तेव्हा आत शिरायला जागा नसते. धाकटा मुलगा शॉन वडिलांचा 'ईजिप्ट ८०' हा वाद्यवृंद चालवतो.

मला इथे येऊन सगळ्यात जास्त काय कळलं तर ही गाणी नाचासाठी आहेत. पंधरा मिनिटं खुर्चीवर बसून ऐकायची म्हटली तर लांब आहेतच. उभं राहिलात तर नाहीत. कमरेतून अगदी छोटी हालचाल, पाय जवळपास जागेवरच, आणि तीच तासभर. दमणूक होत नाही. तालमीतला म्हणाले ना, टोनी जोरात वाजवत नाही. नाचणारेही जोर लावत नाहीत.

लागोसच्या आजच्या पोरांच्या कानात मात्र आफ्रोबीट्स असतं, शेवटी 'ट्स'वालं: बर्ना बॉय, विझकिड. ते वेगळं प्रकरण आहे, तीन मिनिटांचं, संगणकावर बांधलेलं. पण बर्ना बॉयच्या आजोबांनी, बेन्सन इडोनिजे यांनी, एके काळी फेलाचं व्यवस्थापन पाहिलं होतं, आणि त्याच्या गाण्यांत फेला डोकावत राहतो.

तालमीतला

निशिगंधताई, कमरेचं लिहिलंत ते वाचून रात्री दार लावून उभं राहून 'वॉटर नो गेट एनिमी' ऐकलं. उभं राहिल्यावर हाय-हॅट उघडण्याची जागा शरीरात सापडली. बसून ती सापडत नव्हती.

आणखी एक दुवा देतो. अमेरिकन ड्रमर मिकी हार्टचा 'प्लॅनेट ड्रम' (१९९१). त्यात आपले झाकीरभाई आहेत, विक्कू विनायकराम आहेत, आणि नायजेरियाचे बाबातुंडे ओलातुंजी आणि सिकिरू अडेपोजू. सिकिरू बोलका ड्रम वाजवतो: काखेत धरायचा, दोऱ्या दाबल्या की सूर चढतो, सोडल्या की उतरतो. योरुबा भाषेत सुराच्या चढउताराने अर्थ बदलतो, त्यामुळे हा ड्रम खरोखर वाक्यं बोलतो. झाकीरभाईंचा डग्ग्यावर मनगट घासून काढलेला घुमारा आणि सिकिरूची मींड शेजारी-शेजारी ऐकायला मिळते. जागतिक संगीतासाठी ग्रॅमी द्यायला सुरुवात झाली तेव्हा पहिला मान याच आल्बमला मिळाला.

कृष्णाकाठ

ग्रॅमीचा विषय निघालाच आहे तर राय कूडर. कॅलिफोर्नियाचा गिटारवाला. १९९२ मध्ये सँटा बार्बराच्या एका चर्चमध्ये तो पंडित विश्वमोहन भट्टांबरोबर बसला. दोघं त्याआधी जेमतेम भेटलेले, आणि 'अ मीटिंग बाय द रिव्हर' तयार झाला. १९९४ ला ग्रॅमी. पुढच्याच वर्षी त्याच विभागात पुन्हा राय कूडर, या वेळी मालीच्या अली फार्का टुरेबरोबर, 'टॉकिंग टिंबक्टू'साठी. हे दोन आल्बम मी पाठोपाठ ऐकतो. ब्लूजची काचनळी (गिटारच्या तारांवर सरकवायची) एकीकडे भट्टांच्या मोहनवीणेला भेटते आणि दुसरीकडे नायजर नदीकाठच्या गिटारला.

अली फार्काला लोक अमेरिकन ब्लूजवाल्याच्या नावावरून 'आफ्रिकेचा जॉन ली हुकर' म्हणत आणि त्याला ते मान्य नव्हतं. त्याचं म्हणणं, हुकर जे वाजवतो त्याची मुळं आमच्याकडे आहेत, मग कुणी कुणाला काय म्हणायचं? तो स्वतःला शेतकरी म्हणवायचा. 'नियाफुंके' (१९९९) हा आल्बम ऐका. यंत्रं त्याच्या गावी नेली, जनरेटरवर चालवली, आणि शेतीच्या कामातून वेळ काढून त्याने गाणी दिली. नंतर तो त्या गावचा महापौरही झाला. २००६ मध्ये गेला. त्याच्या गिटारमध्ये साचा नाही, बारा खंड नाहीत. एकच सूर खाली वाजत राहतो, वर सुरावट फिरत राहते. आपल्याला तंबोऱ्याची सवय आहे, म्हणून कानाला कुठेच अडखळायला होत नाही. त्याने तोमानी डायबाटेच्या कोऱ्याबरोबर (कोरा हे पश्चिम आफ्रिकेचं तंतुवाद्य) केलेला 'इन द हार्ट ऑफ द मून' (२००५) तर पहाटेचा आहे.

जुना दादरकर

'इन द हार्ट ऑफ द मून'ला माझाही जोरदार होकार. कोऱ्याच्या एकवीस तारा आणि खाली अलीचा शांत गिटार.

कोरी पाटी

सगळ्यांचे मनापासून आभार. 'वॉटर नो गेट एनिमी' सांगितल्याप्रमाणे तीन वेळा ऐकलं. पहिल्या वेळी मोठा ड्रम हाताला लागला नाही. तिसऱ्या वेळी गिटारचा तुकडा ऐकत बसले आणि अकरा मिनिटं कधी संपली कळलं नाही. मग 'लाइव्ह ॲट द रीगल' लावला, आई स्वयंपाकघरातून विचारायला आली की हा कोण गातोय. आता आम्ही दोघी मिळून ऐकतो आहोत. तिला बेटी डेव्हिस आवडली नाही, मला फार आवडली. पुढे काय लावू? टोनी ॲलनचंच हवंय.

लयशोधक

व्वा, आईंना नमस्कार सांगा. त्यांना बी. बी. किंग आवडला असेल तर पुढे अली फार्का लावा, तो त्यांना नक्की जवळचा वाटेल.

तुमच्यासाठी 'कन्फ्युजन' (१९७५). पंचवीस मिनिटांचं एकच गाणं. सुरुवातीला ताल नाहीच. फेला विजेच्या पियानोवर आणि टोनी ड्रमवर, दोघंच, काही मिनिटं एकमेकांना चाचपत राहतात, कुठलीही मात्रा न धरता. मग बेस येतो आणि ठेका बांधला जातो. तो क्षण चुकवू नका, म्हणून सुरुवातीपासूनच ऐका, पुढे ढकलू नका. लागोसच्या चौकात सगळ्या बाजूंनी गाड्या घुसल्यात आणि वाहतूक सांभाळणारा पोलीस जागेवर नाही, असं पुढे शब्दांत येतं. निशिगंध तो चौक रोज बघत असतील.

त्यानंतर टोनीचे स्वतःचे: 'प्रोग्रेस' (१९७७), ज्यात फेलाचा वाद्यवृंद आहे पण नाव टोनीचं आहे, आणि एकदम चाळीस वर्षं पुढे उडी मारून ब्लू नोट या जॅझ कंपनीने काढलेला 'द सोर्स' (२०१७). सत्तरी पार केलेला माणूस पॅरिसमध्ये बसून पुन्हा ब्लेकी-रोचकडे, म्हणजे जॅझकडे वळला आहे, हात तेवढेच हलके. २०२० मध्ये तो गेला त्याच्या जरा आधी 'रिजॉइस' निघाला, दक्षिण आफ्रिकेचा ट्रम्पेटवाला ह्यू मासेकेला याच्याबरोबरचा. त्यातले तुकडे दोघांनी २०१० मध्ये वाजवून ठेवले होते. मासेकेला २०१८ मध्येच गेला होता.

तालमीतला, 'कन्फ्युजन'मध्ये ठेका बांधला जातो तिथून पुढचा एक मिनिट तुम्ही बोलांत लिहून द्याल का? आम्हा सगळ्यांना उपयोग होईल.

तालमीतला

देतो. डाव्या पायाचं वेगळं लिहावं लागेल, दोन ओळी पुरायच्या नाहीत, चार लागतील. रविवारपर्यंत इथेच टाकतो.